फायनल होईपर्यंत

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

सकाळी १३४/८६.

ही वही ब्लडप्रेशरची आहे. डॉक्टरबाईंनी सांगितलंय, रोज आकडे लिहा आणि त्या दिवशी काही वेगळं घडलं असेल तर तेही लिहा. आज वेगळं घडलंय.

संध्याकाळी साडेपाचला कोल्हापूरहून नंदूचा फोन आला. नंदू म्हणजे माझा धाकटा भाऊ. म्हणाला, "दादा, अण्णा गेले." तिकडे पहाटेचे सहा वाजले होते. उठले, तोंड धुतलं, चहा टाका म्हणाले आणि खुर्चीत बसले ते बसलेच. वडील त्र्याऐंशी वर्षांचे होते. त्रास काही झाला नाही म्हणे.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. आज हॅलोविन, पोरं सोंगं घेऊन चॉकलेट मागत घरोघर फिरतात. एका हातात फोन, दुसऱ्या हातात चॉकलेटचं टोपलं घेऊन मी दार उघडलं. एक डायनोसोर होता आणि एक चादर पांघरलेलं भूत. मी म्हटलं, "हॅपी हॅलोविन." नंदूने विचारलं, "काय म्हणालास?" मी म्हटलं, "काही नाही, तू बोल."

तो म्हणाला, "तू येईपर्यंत ठेवू का?" मी नको म्हटलं. दोन दिवस ठेवून काय करायचं? अग्नी तूच दे म्हटलं. थोरला मी आहे, पण हे असं झालं.

नीला, माझी बायको, खूप रडली. मला रडू आलं नाही. साडेआठपर्यंत पोरं येत होती, मी चॉकलेटं देत होतो.

शनिवार, १ नोव्हेंबर

१२८/८४. हे कालच्यापेक्षा चांगलं आहे. मशीन बिघडलंय की काय म्हणून दोनदा घेतलं.

काल रात्री नीलाशी आन्यावरून वाद झाला. आन्या आमची एकुलती एक, एकवीस वर्षांची. इथून, म्हणजे क्युपर्टिनोपासून, तीन तासांवरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे आणि कॉलेजच्या टीमची गोलकीपर आहे. येत्या मंगळवारी त्यांच्या कॉन्फरन्सची, म्हणजे त्यांच्या गटातल्या कॉलेजांची, चॅम्पियनशिप सुरू होतेय. हरला तो घरी. मंगळवार, मग शुक्रवार, मग रविवारी फायनल. चार वर्षं पोरगी पहाटे पाचला उठून बर्फाच्या पाण्यात पाय बुडवून बसलीय ते या आठवड्यासाठी.

मी म्हटलं, फायनल होईपर्यंत तिला सांगायचं नाही.

नीला म्हणाली, "चारू, ती काय दहावीत आहे का? तिचे आजोबा होते ते."

म्हणूनच तर. अण्णा स्वतः गोलकीपर. पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीममध्ये बारा वर्षं खेळले. मला फुटबॉलचं ओ की ठो कळत नाही, मी अभ्यासू निघालो, ते त्यांनी कसंबसं पचवलं. मग आन्या सहा वर्षांची असताना आम्ही सुट्टीत कोल्हापूरला गेलो तर त्यांनी तिला गांधी मैदानात उभं केलं आणि महिनाभर तिच्यावर बॉल मारले. तेव्हापासून ती त्यांची. इथे याला सॉकर म्हणतात हे त्यांना कधीच मान्य नव्हतं. तिची प्रत्येक मॅच ते मोबाइलवर बघायचे, पहाटे असली तर अंघोळ करून बसायचे. मॅच संपली की तिला व्हॉइस मेसेज. "पोरी, डावीकडचा बॉल सोडतीस तू. डावीकडं बघ जरा."

माझ्या बारावीच्या वेळी अण्णांनी हेच केलं होतं. फिजिक्सच्या पेपरच्या आदल्या दिवशी बाळूकाका गेला, अण्णांचा सख्खा भाऊ. मला सायकल त्यानेच शिकवली होती. मला सांगितलं, काका मिरजेला तपासायला गेलाय. शेवटच्या पेपरला अण्णा सेंटरवर टोपी घालून आले. एरवी कधी टोपी नाही. "ऊन लई आहे," म्हणाले. पोराला पेपर संपेपर्यंत पत्ता लागू दिला नाही, हे ते नंतर सगळ्यांना अभिमानाने सांगायचे. मार्कही चांगले पडले होते.

नीला शेवटी म्हणाली, "तुझे वडील, तू ठरव." ठरवलं.

दुपारी आन्याचा फोन आला. शनिवारी ती सहसा करत नाही. "बाबा, घरी सगळं ओके?" ओके म्हटलं. "कोल्हापूरला?" ओके. मग म्हणाली, "ओके बाबा. तू ओके आहेस ना?" मॅचचं टेन्शन असणार.

रविवार, २ नोव्हेंबर

१२८/८२.

नंदूने सांगितलं, सगळं नीट पार पडलं. तालमीची सगळी पोरं स्मशानात आली होती. चौकात दहा फुटी फ्लेक्स लावलाय, अण्णांचा जुना जर्सीतला फोटो, हार, भावपूर्ण श्रद्धांजली वगैरे. तालमीच्या इन्स्टाग्रामवरही टाकलाय, म्हणाला, हजारावर लाइक आलेत. अण्णा खूश झाले असते.

मग त्याने विचारलं, "दहाव्याला येतोयस ना? सोमवारी दहा तारखेला आहे."

मी म्हटलं, आलो तर आन्याला कळणार. तो म्हणाला, "अरे, मग कळू दे की." त्याला इथलं समजत नाही. मी म्हटलं, मोबाइलवर बघतो. मागे कोणीतरी भांडी घासत होतं, त्याचा आवाज येत होता.

तिकिटं बघितली होती खरं तर. सोमवारी रात्रीचं होतं. बघून बंद केलं.

सोमवार, ३ नोव्हेंबर

ऑफिसला गेलो. माझं काम टेस्टिंगचं. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या. आज सात सापडल्या. वडील गेले म्हणून कुणाला सांगितलं नाही, उगाच सगळे येऊन खांद्यावर हात ठेवणार.

दाढी करत नाहीये. दहाव्यापर्यंत करायची नाही. मॅनेजर म्हणाला, "नो-शेव्ह नोव्हेंबर?" इथे नोव्हेंबरमध्ये लोक हौसेने दाढी वाढवतात. मी हो म्हटलं. बरं झालं, आन्यालाही हेच सांगता येईल.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

१३०/८४.

पहिली मॅच आन्याच्याच कॉलेजवर होती. सुट्टी काढून गेलो.

मॅचच्या आधी नीला आन्याच्या हातावर दही-साखर देते, पहिलीपासूनची पद्धत आहे. गाडीत बसल्यावर नीलाच्या लक्षात आलं. "सुतकात गोड कसं देऊ?" मी म्हटलं, दे गं, अमेरिकेत कोण बघतंय. ती म्हणाली, "मी बघतेय ना." शेवटी नुसतं दही दिलं. आन्याने तळहाताकडे बघितलं, मग आईकडे बघितलं आणि चाटून टाकलं. एरवी चमचाभर साखर कमी पडली तर कुरकुर करणारी पोरगी, लक्षातही आलं नाही तिच्या.

माझ्या गालावर हात फिरवून म्हणाली, "बाबा, what's this?" मी म्हटलं, नो-शेव्ह नोव्हेंबर. ती हसली नाही. म्हणाली, "It suits you."

दोन-शून्य जिंकलो. आन्याने तीन बॉल अडवले.

खरी अडचण त्यानंतर होती. अण्णांचा मेसेज आला नाही तर तिला संशय येणार. म्हणून मी नंदूला आधीच सांगून ठेवलं होतं, अण्णांच्या फोनवरून काहीतरी पाठव. तो तयार नव्हता. "दादा, हे बरं दिसत नाही," म्हणाला. मी म्हटलं, एवढं कर. त्याने इंग्रजीत टाइप करून पाठवलं, "वेल प्लेड बेटा." आता अण्णांनी जन्मात कधी कुणाला बेटा म्हटलं नाही आणि टाइप तर त्यांना करताच येत नव्हतं. पण आन्याने वाचून लाल बदाम पाठवला. पटलं तिला. सुटलो बुवा.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

१२८/८४.

काल-आज काही नाही. नीला बोलत नाहीये फारशी. आज म्हणाली, "तू एकदा तरी रड रे." रडू काय ठरवून येतं का? मला काही होत नाहीये, जेवतोय, झोपतोय, आकडेही चांगले येतायत. एवढंच की संध्याकाळी डिशवॉशर लावायला उभा राहिलो तो भांडी हातात घेऊन किती वेळ तसाच होतो कळलं नाही. नीलाने येऊन ताटली हातातून काढून घेतली.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

सेमीफायनल आणि फायनल फ्रेझ्नोला. हॉटेल घेतलंय रविवारपर्यंत.

समोर एक नंबरची टीम. आमच्या मुली मैदानात आल्या तेव्हा सगळ्यांच्या दंडावर काळी पट्टी होती. नीलाने विचारलं, "हे काय रे नवीन?" कोल्हापुरात कुणी गेलं की पोरं अशीच काळी फीत बांधून खेळतात. इथेही बांधत असतील. कुणाच्या तरी घरी काहीतरी झालं असावं. विचारायला हवं होतं कुणाला झालं ते, पण अनोळखी माणसाचं दुःख कुठे उकरून काढायचं, म्हणून राहिलं.

एक-एक झालं, जादा वेळेतही सुटेना, मग पेनल्टी. नीलाने डोळे मिटून घेतले. मी बघत होतो. आन्या गोलात उभी, हात पसरून, अगदी अण्णा जुन्या फोटोत उभे आहेत तशी. दोन अडवल्या. दुसरी डावीकडची होती. सगळ्या मुली तिच्या अंगावर पडल्या, लोक नाचत होते, मीही टाळ्या वाजवत होतो. आपल्या हातांचा आवाज लांबून येतोय असं वाटत होतं.

कोच डॅना स्वतः चालत माझ्यापाशी आल्या. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "हाऊ आर यू होल्डिंग अप?" मी म्हटलं, फाइन, पेनल्टीला जरा टेन्शन आलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. चांगल्या बाई आहेत.

आन्या येऊन गळ्यात पडली ती सोडेचना. घामाने भिजलेली होती. मी म्हटलं, अगं, जिंकलात ना? अण्णांचा मेसेज येईल बघ आता. तर म्हणाली, "नको बाबा. It's early there. झोपू दे त्यांना." बरं झालं, नंदूला परत गळ घालायला नको.

संध्याकाळी केटीची आई हॉटेलवर मोठा लझान्याचा ट्रे घेऊन आली. केटी आन्याची रूममेट. खास व्हेजिटेरियन केलाय म्हणाली, नीलाला मिठी मारली आणि डोळे पुसत निघून गेली. दहा माणसांचं खाणं होतं. मी नीलाला म्हटलं, जिंकल्याचा आनंद हो, दुसरं काय. नीला ट्रेकडे बघत बसली होती. म्हणाली, "चारू, मला काहीतरी वेगळंच वाटतंय." मी म्हटलं, थंड होतंय, खाऊन घे.

शनिवार, ८ नोव्हेंबर

१२६/८२. वर्षातला सगळ्यात चांगला आकडा.

आन्याला कसं सांगायचं ते हॉटेलच्या पॅडवर लिहून बघितलं. आधी वाक्य केलं, "आन्या, एक वाईट बातमी आहे." मग "आन्या, अण्णांना त्रास झाला नाही." मग "आन्या, तुला आधी सांगितलं नाही कारण." तिसरं पुरं होईना. पान फाडून टाकलं.

रविवार, ९ नोव्हेंबर

आकडा घेतला नाही. मशीन हॉटेलवर राहिलं. जे झालं ते सगळं लिहून ठेवतो.

फायनल तीनला सुरू झाली. काळ्या पट्ट्या आजही होत्या. एकाहत्तराव्या मिनिटाला गोल बसला. डावीकडून खालून आला, आन्याची बोटं लागली, पण गेला. आता ही डोकं धरून बसेल असं मला वाटलं. ती उठली, जाळीतून बॉल काढला आणि मधल्या मुलीकडे फेकला. अण्णा तिला सहा वर्षांची असताना ओरडायचे, "रडू नगंस. बॉल काढ जाळीतनं, दे मधी." तसंच्या तसं. एक-शून्य हरलो. चार वर्षं संपली.

सगळ्या मुली रडत होत्या. आन्या नाही. आम्ही तिला आमच्या गाडीतून घरी नेणार होतो. पार्किंगमध्ये मी तिला थांबवलं. म्हटलं, "आन्या, एक वाईट बातमी आहे."

ती म्हणाली, "I know, बाबा."

मला वाटलं, मॅचबद्दल बोलतेय. म्हटलं, मॅच नाही गं. अण्णा.

"I know," ती म्हणाली. "शनिवारपासून. म्हणजे लास्ट शनिवार. तालमीचं इन्स्टा मी फॉलो करते ना, अण्णांनीच लावलं होतं करायला. फोटोला हार होता. वाचता नाही आलं सगळं, पण हार कळतो मला."

दहा फुटी फ्लेक्स. आख्ख्या कोल्हापूरला दिसला, माझ्या पोरीला दिसेल हे मला सुचलं नाही. आणि मी टेस्टर.

"त्या पट्ट्या," नीला म्हणाली.

"अण्णांसाठी," आन्या म्हणाली. "सगळ्यांना सांगितलं मी. कोचना, केटीला. फक्त तुम्हाला सांगू नका म्हटलं."

मी विचारलं, का?

"तू दाढी वाढवून आलास आणि म्हणालास नो-शेव्ह नोव्हेंबर. I thought, बाबांना बोलायचं नाहीये. बाबांना it's not real yet. मग म्हटलं, फायनल होईपर्यंत थांबू." मग म्हणाली, "तू गेला का नाहीस, बाबा? मी मॅनेज केलं असतं. You could have gone."

तुझ्यासाठी, असं म्हणायला मी तोंड उघडलं. निघेना. माझ्यापुढे ते तिकिटाचं पान आलं, जे मी बघून बंद केलं होतं. आन्यासाठी नाही थांबलो मी. घरात शिरायचं, ती खुर्ची रिकामी बघायची, ते मला नको होतं. पोरीच्या आड लपलो. लाज वाटली, फार लाज वाटली.

तिला म्हटलं, माझ्या बारावीला बाळूकाका गेला होता ना, मला कळू दिलं नव्हतं म्हणतात ना सगळे, ते खोटं आहे. मला दुसऱ्याच दिवशी शेजारच्या पोराने सांगितलं होतं. अण्णा एवढ्या कष्टाने लपवत होते म्हणून मी उरलेले सगळे पेपर काही माहीत नसल्यासारखे दिले. सेंटरबाहेर टोपी बघूनही गप्प बसलो. अण्णांना हे कधीच कळलं नाही. आज पहिल्यांदा कुणाला सांगितलं.

आन्या म्हणाली, "So you knew I'd know." मी म्हटलं, माहीत असायला हवं होतं गं.

सहाला निघालो. तिकडे सोमवारची सकाळ, दहावा. साडेसातच्या सुमाराला नंदूचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा लॉस बानोसच्या पेट्रोल पंपावर होतो. गाडी कडेला लावली. आन्या मागून पुढे वाकून बघत होती.

पंचगंगेचा घाट. पिंड ठेवलेले, माणसं लांब उभी. समोरच्या झाडावर पाच-सहा कावळे बसलेले, पण एकही खाली येईना. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. नंदू हात जोडून म्हणाला, "अण्णा, घर विकणार नाही." काही नाही. आत्या म्हणाली, "नंदूच्या पोराचं शिक्षण अडणार नाही." काही नाही. कुणीतरी म्हणालं, "थोरला आला नाही, त्यात जीव अडकलाय." गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करू, उशीर होतोय. मी स्क्रीनकडे बघत बसलो होतो. फोन नीलाने धरला होता.

आन्याने विचारलं, "What are they waiting for?" नीलाने सांगितलं, माणसाची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही.

"But nobody told him the score," आन्या म्हणाली.

मी नंदूला म्हटलं, फोन पिंडाजवळ ने. तो नेईना, लोक बघत होते. मी ओरडलो, "ने म्हणतो ना!" त्याने नेला.

आन्या फोनजवळ तोंड नेऊन तिच्या त्या मोडक्या मराठीत मोठ्याने म्हणाली, "अण्णा, आन्या बोलते. सेमीफायनल जिंकलो. पेनल्टीवर. मी दोन अडवल्या, एक डावीकडची. फायनल हरलो. एक-शून्य. ती पण डावीकडची होती. बोटं लागली, अण्णा, पण गेला. मी रडले नाही. बॉल काढून मधी दिला."

नंदू मागे सरकला. दोन पावलंही गेला नसेल. कावळा आला.

योगायोग असेल. तिकडे सगळे एकदम बोलायला लागले, आत्या रडत होती, नंदू "दादा, दादा, बघितलंस का" म्हणत होता. मला बघता येईना. दहा दिवसांत पहिल्यांदा मला रडू आलं, आणि आलं ते असं की श्वास घेता येईना. नीलाने पाठीवर हात ठेवला. आन्याही मागे बसून रडत होती, मोठमोठ्याने, लहानपणी गुडघा फुटला की रडायची तशी.

मग ती म्हणाली, "बाबा, तू मागे बस. मी चालवते."

सोमवार, १० नोव्हेंबर

सकाळी दाढी केली. आकडा नाही, मशीन हॉटेलवाले पोस्टाने पाठवणार आहेत.

उद्याची दोनच तिकिटं मिळाली, तेराव्याला दुपारपर्यंत कोल्हापूरला पोचू. आन्या येतेय. म्हणाली, "सीझन संपला बाबा, मला आता प्रॅक्टिस नाही." तिची काळी पट्टी तिने बॅगेत टाकलीय, अण्णांच्या खुर्चीला बांधायची आहे म्हणे.